जुन्या इमारतीत किचन चिमणी बसवताना: अर्थिंग, वायरिंग आणि पाइप

ओट्यापाशी:

मंडळी, चिमणी घेऊन झाली. आता ती खोक्यासकट हॉलमध्ये उभी आहे आणि येणारा-जाणारा तिच्यावर पिशव्या ठेवतोय. मदत हवी आहे.

इमारत डोंबिवलीची, १९८०च्या दशकातली. स्वयंपाकघर ८ बाय १० फूट, दोन बर्नरची शेगडी, ६० सेंमीची ऑटोक्लीन चिमणी. शेगडीमागची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे पाइप डावीकडे नेऊन बाहेरच्या भिंतीतून काढावा लागणार. अंतर ६-७ फूट.

बसवायला माणूस आला, त्याने ओट्यावरचा बोर्ड उघडला. सॉकेट तीन पिनांचं, पण वरच्या मोठ्या, अर्थच्या भोकाला मागून वायरच नाही. तो म्हणाला, "काळजी करू नका ताई, आतून न्यूट्रलपासून त्या भोकाला वायरचा एक तुकडा मारतो, सगळीकडे असंच करतो आम्ही." मला ते काही पटेना. चहा पाजून परत पाठवला. सासूबाईंचं म्हणणं, याच बोर्डावर इतकी वर्षं मिक्सर चाललाय, तेव्हा नाही कोणाला काही झालं!

तुकडा मारणं खरंच इतकं धोक्याचं आहे, की मी उगाच बाऊ करतेय? आणि वायर, पाइप, उंची याबद्दल अनुभवींनी सांगावं.

तीन_फेज:

बाऊ अजिबात नाही. परवानाधारक वायरमन म्हणून सगळी नोकरी याच कामात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, रोहित्रापाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) जमिनीला जोडलेला असतो. त्यावरून लोकांना वाटतं, मग घरातच जोडला तर काय बिघडलं? सगळं धड असेपर्यंत काहीच बिघडत नाही, म्हणून तर ही सवय बोकाळली आहे. बिघडतं ते न्यूट्रल तुटल्यावर. बोर्डातला स्क्रू सैल झाला, मीटरपाशी जोड जळाला, उंदराने वायर कुरतडली, काहीही कारण असू द्या. चिमणी बंद पडते. पण फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, अजून येतोच आहे. तो मोटरच्या वेटोळ्यातून त्या तुकड्यावर येतो आणि तुकडा अर्थच्या पिनेला जोडलेला, म्हणजे थेट चिमणीच्या पत्र्यावर. आणि चिमणी बंद पडली की माणूस पहिली गोष्ट काय करतो? हात लावून बघतो. एक हात चिमणीला आणि दुसरा ओल्या ओट्यावर.

दुसरी शक्यता, पुढेमागे कोणी दुरुस्तीत फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली. मग न्यूट्रल तुटायचीही गरज नाही. प्लग लावल्या क्षणी अख्खे २३० व्होल्ट पत्र्यावर.

सासूबाईंना सांगा, मिक्सरचं बाहेरचं अंग बहुधा प्लॅस्टिकचं असतं, चिमणी पत्र्याची आहे. तिच्या मोटरवरून रोज तेलाची वाफ जाते, ऑटोक्लीनमध्ये वर तापणारी कॉइलही असते. आणि फ्रिज? त्यालाही अर्थ हवाच. पावसाळ्यात फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ते कारण शोधायला हवं.

काजूकतली:

बाप रे. आमच्याकडे वॉशिंग मशीनची अर्थची वायर नळाच्या पाइपाला गुंडाळली आहे. ते तरी बरं ना?

तीन_फेज:

नाही. पूर्वी लोखंडी पाइप जमिनीत जायचा तेव्हा ते कसंबसं चालून जायचं. आता मध्ये कुठेतरी प्लॅस्टिकचा पाइप घातलेला असतो, म्हणजे तुमची अर्थ हवेत लटकते. पाइप वरच्या मजल्यापर्यंत सलग लोखंडी असेल तर आणखी वाईट, तुमच्या मशीनचा दोष शेजाऱ्याच्या नळाला येणार. गॅसच्या पाइपाला तर कोणी चुकूनही बांधू नये. कॉलमच्या सळीला बांधलेलीही पाहिली आहे, तीही नको.

ओट्यापाशी ताई, तुम्ही आधी खाली मीटररूममध्ये पाहा. तिथे इमारतीच्या अर्थच्या खड्ड्यातून आलेली पट्टी किंवा जाड वायर असायला हवी. असेल, तर तिथून तुमच्या घरच्या डीबीपर्यंत (घरातली सर्किटं जिथून निघतात ती पेटी) आणि डीबीपासून ओट्यापर्यंत हिरवी तांब्याची वायर ओढायची. नळीत जागा नसेल तर भिंतीवरून केसिंग पट्टीतून. दिसायला बरी दिसत नाही, पण चालते. नसेल, तर तो सोसायटीचा विषय. खड्डा नवीन करावा लागेल आणि तो सगळ्यांच्याच उपयोगाचा आहे.

एक्झॉस्ट_जिंदाबाद:

माझं नेहमीचं मत मांडून जातो: चिमणीची गरजच काय? एक चांगला एक्झॉस्ट पंखा लावा, महिन्यातून एकदा पुसा, विषय संपला. चिमणीचे फिल्टर धुता धुता आमच्या वहिनी वैतागल्यात. ऑटोक्लीन म्हणजे तेल वितळून वाटीत जमा होतं, वाटी मात्र माणसानेच रिकामी करायची.

खिडकीवाला:

तुमचं अर्धं मत मला मान्य आहे. मी वातानुकूलनाच्या क्षेत्रात आहे, पुण्यात. शेगडी बाहेरच्या भिंतीला लागून असेल आणि वर झरोका असेल, तर पंखा उत्तम. पण पंखा अख्ख्या खोलीची हवा काढतो, फोडणीची वाफ त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मी कपाटांवर बसलेली असते. चिमणी ती उगमापाशीच ओढते. अर्थात पाइप नीट असेल तरच. चार वळणं घेऊन चार इंची पाइपातून काढलेल्या चिमणीपेक्षा साधा पंखा केव्हाही बरा.

आकड्यांबद्दल. खोक्यावर "१२०० घनमीटर प्रति तास" लिहिलेलं असतं. ८ बाय १० चं स्वयंपाकघर, उंची साडेनऊ फूट धरली तर हवा भरते साधारण साडेएकवीस घनमीटर. म्हणजे १२०० खरोखर मिळाले तर तासाला पंचावन्न वेळा खोलीतली सगळी हवा बदलेल! तसं होत नाही. तो आकडा पाइप न जोडता, मोकळ्या हवेतला असतो. पाइप, वळणं, बाहेरची झाकण-जाळी यांचा अडथळा आला की तो झपाट्याने उतरतो. घरगुती फोडणीला चार-पाचशे प्रत्यक्षात मिळाले तरी पुष्कळ आहे. म्हणून दुकानात १४००-१५०० च्या मागे लागू नका, पाइपाकडे लक्ष द्या.

चिमणीचं तोंड ६ इंची असेल तर पाइप शेवटपर्यंत ६ इंची. ४ इंचीवर आणला की आडवा छेद निम्म्याहूनही कमी होतो. मग चिमणी ओरडते जास्त आणि ओढते कमी. लवचिक अॅल्युमिनियम पाइप वापरणार असाल तर तो पूर्ण ताणून लावायचा आणि जादाचा कापून टाकायचा. बसवणारे जादाचा पाइप तसाच आकसून चिमणीच्या वरच्या पत्र्याच्या आवरणात कोंबतात. त्या चुण्यांत तेल साठतं आणि तेच पुढे पेट घेऊ शकतं. तुमच्या ६-७ फुटांत एकच ९० अंशांचं वळण ठेवता आलं तर फार छान. जमलं तर दोन ४५ चे करा. आणि आडव्या भागाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पाइपात थिजलेलं तेल परत शेगडीवर ठिबकणार नाही.

कोकणी_मेवा:

उताराला माझंही अनुमोदन, पण रत्नागिरीहून वेगळ्या कारणासाठी. आमच्याकडे जून-जुलैत वारा समुद्राकडून पाऊस आडवा मारतो. भिंत पश्चिमेची असेल तर पाणी पाइपातून सरळ फोडणीत. बाहेर तोंड खाली वळलेलं झाकण लावा आणि पाइप-भिंतीमधली फट सीलंटने भरा, नुसतं सिमेंट पुढे चिरतं. चिमणीच्या तोंडाशी एकमार्गी झडप येते, ती बसवली आहे ना ते बघा. बरेच जण ती खोक्यातच विसरतात. मग वारा उलटा आत येतो आणि झुरळंही. खारी हवा असेल तर बाहेरचे स्क्रू स्टेनलेसचे.

काजूकतली:

आणि कबुतरं! ठाण्यात आमच्या पाइपात कबुतराने काड्या भरल्या होत्या. जाळी लावा.

खिडकीवाला:

जाळी लावा, पण मोठ्या भोकांची. मच्छरदाणीसारखी बारीक लावलीत तर तेलाने काही महिन्यांत बंद होईल.

मघाशी एक राहिलं. पाइप इमारतीच्या डक्टमध्ये सोडणार असाल तर आधी सोसायटीला विचारा. तुमची सुकटीची फोडणी वरच्यांच्या बाथरूममध्ये जाते, मग भांडणं होतात. आणि बाथरूमच्या एक्झॉस्टच्या पाइपात किंवा फॉल्स सीलिंगच्या वर तर मुळीच सोडू नका. हे दुसरं करणारे महाभाग आहेत, छताच्या वर तेलाचा थर साठतो आणि कोणाला दिसत नाही.

ओट्यापाशी:

सगळ्यांचे आभार. आज मीटररूम पाहिली. अर्थची पट्टी आहे! फक्त ती कोणाच्याच घरापर्यंत आलेली नाही. सेक्रेटरीकाकांनी "तुमच्या खर्चाने ओढून घ्या" अशी उदार परवानगी दिली आहे.

आता वायर किती जाडीची? वायरमन १६ अँपिअरचा मोठा पॉइंट सुचवतो आहे.

तीन_फेज:

चिमणीच्या मागच्या पाटीवर वॅट लिहिलेले असतात ते वाचा. मोटर साधारण १५० ते २५० वॅटची असते, म्हणजे जेमतेम एक अँपिअर. ऑटोक्लीनच्या कॉइलचे वॅट वेगळे लिहिलेले असतील तर तेही धरा. ६ अँपिअरचं सॉकेट आणि १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर पुरते. अर्थही तेवढ्याच जाडीची. वायरवर आयएसआयचा शिक्का आणि "एफआर" (आग पसरू न देणारी) छापलेलं पाहून घ्या. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) वायरच्या मानाने हवा. दीडच्या वायरला १० अँपिअरचा ठीक. "वारंवार पडतो" म्हणून तिथे ३२चा बसवणारे असतात, ते म्हणजे वायर जळू द्यायची, एमसीबी पडू द्यायचा नाही.

तुमच्या इमारतीच्या वयावरून एक शंका आहे: आतली वायर अॅल्युमिनियमची असू शकते. त्या काळी सर्रास घालत. ती आता ठिसूळ झालेली असते आणि तिला तांब्याची वायर पिळून टेप गुंडाळला की तो जोड हळूहळू सैल होतो, तापतो. चिमणीसाठी डीबीपासून वेगळी तांब्याची वायर ओढा. मध्ये जोड नको.

रंगांबद्दलही सांगतो. घरातल्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. चिमणीच्या दोरीत (प्लगच्या केबलीत) तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. थ्री फेज घरात मात्र लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही फेज असतात. म्हणजे भिंतीतला निळा फेज आणि दोरीतला निळा न्यूट्रल! रंग बघून जोडू नका, मोजून जोडा.

जर्सीचा_पाहुणा:

यात आमची भर. अमेरिकेत काळी वायर फेज, पांढरी न्यूट्रल आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थ. भारतात हात बसलेल्या माणसाने इथे काळ्या वायरीला न्यूट्रल समजून हात घालायचा तेवढा बाकी. इथे येऊन घरची कामं स्वतः करायची हौस असलेल्यांनी हे आधी लक्षात ठेवावं. दाब १२० व्होल्ट, म्हणून तिकडून आणलेली चिमणी इथे उपयोगाची नाही.

इथल्या नियमांतली एक गोष्ट तिकडेही घेण्यासारखी वाटते. घरांच्या बांधकामाची जी आदर्श संहिता बरीच राज्यं पाळतात, तिच्यात घरातल्याच हवेवर जळणारी गॅस वगैरेची उपकरणं असतील, तर ४०० सीएफएमहून (घनफूट प्रति मिनिट) जास्त ओढणाऱ्या चिमणीला बाहेरची हवा आत यायची सोय करावी लागते. ४०० सीएफएम म्हणजे तासाला ६८० घनमीटर. तुमच्या १२०० वाल्या चिमण्या इथे अशा घरांत सरळ त्या नियमात अडकतील.

खिडकीवाला:

अगदी बरोबर. एसी चालू, खिडक्या-दारं बंद आणि चिमणी पूर्ण जोरात, मग ती हवा आणणार कुठून? एक तर नुसती घुमते, नाहीतर दुसरीकडून खेचते. आणि इथे एक गंभीर गोष्ट आहे. बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल आणि तो चालू असताना चिमणी चालवली, तर गिझरच्या ज्वलनाचा वायू घरात ओढला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो. चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडी हवी आणि गॅस गिझर असलेल्या घरात दोन्ही एका वेळी नकोत. पाइप गॅसवाल्यांसाठी: झरोका बंद करून त्याच जागेतून चिमणीचा पाइप काढू नका. तो झरोका गॅसगळतीसाठी असतो.

काजूकतली:

गॅसचा वास आला तर चिमणी लावून बाहेर काढायचा, असं माझी आई सांगते.

तीन_फेज:

आईंना आजच फोन करा. वास आला की कुठलंही बटण दाबायचं नाही, चिमणीचंही नाही. बंद असेल तर चालू नको, चालू असेल तर बंदही नको. बटणात ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, सगळे बाहेर आणि मग बाहेरून १९०६ ला फोन. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साठतो, वर टांगलेली चिमणी तो काढणारही नाही.

आणि कढईतल्या तेलाने पेट घेतला तर उलट: गॅस बंद, चिमणी बंद, कढईवर झाकण. पाणी नाही. चिमणी चालू राहिली तर ज्वाळा वर फिल्टरमध्ये खेचली जाते. याच कारणाने चालू चिमणीखाली भांड्याशिवाय बर्नर पेटता ठेवू नये.

एक्झॉस्ट_जिंदाबाद:

हे वाचून पंखाच बरा वाटतो आहे :)

एक खरा प्रश्न: आरसीसीबी बसवला असेल तर अर्थिंग नसलं तरी चालतं ना?

तीन_फेज:

चालत नाही, पण नसण्यापेक्षा बरा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून बघतो. फरक पडला की तोडतो. अर्थिंग असेल तर दोष निर्माण झाल्याबरोबर प्रवाह अर्थमधून जातो आणि तो तेव्हाच पडतो, घरात कोणाला कळतही नाही. अर्थिंग नसेल तर प्रवाहाला वाट मिळते ती तुम्ही हात लावल्यावर. पडेल तेव्हाही, पण झटका बसल्यानंतर.

त्यावरचं "टी" बटण महिन्यातून एकदा दाबा. पण ते बटण दाबून पडला म्हणजे अर्थिंग ठीक, असं समजू नका. ती चाचणी आतल्या आत होते, अर्थ जोडलेली नसली तरी तो पडतो. हे बऱ्याच इलेक्ट्रिशियनांनाही माहीत नसतं.

जुन्या घरात तो बसवल्यावर सारखा पडायला लागतो, कारण एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटला जोडलेला असतो. मग "खराब निघाला" म्हणून काढून टाकतात. खराब वायरिंग असतं. न्यूट्रल वेगळे करून घ्या.

ओट्यापाशी:

वायरमन येऊन गेला, वायर ओढून झाली. मी मल्टिमीटर आणलाय, भाऊ मोजून देणार आहे. काय बघायचं?

तीन_फेज:

सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की मोठं भोक वर अर्थचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. घरात भार चालू असतानाही हे शेवटचं अगदी शून्य आलं, तर कोणीतरी तुकडा मारला असल्याची शंका घ्या आणि बोर्ड उघडायला लावा. बटण बंद केल्यावर उजव्या भोकात फेज राहता कामा नये. राहिला तर बटण न्यूट्रलवर आहे, ते बदलायला हवं.

मल्टिमीटरला अर्थ "दिसली" तरी ती दोषाचा प्रवाह पेलेल का, हे कळत नाही. ते वायरमनला त्याच्या उपकरणाने तपासायला सांगा. मोजणं भावाने करावं, बोर्ड उघडणं-जोडणं वायरमननेच. आणि नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका.

खिडकीवाला:

भिंतीबद्दल. शेजाऱ्यांची सामाईक भिंत साडेचार इंची असेल तर खोल ड्रिल मारू नका, पलीकडे त्यांच्या देव्हाऱ्यात निघेल. विटेची भिंत असेल तर सोबत आलेले फास्टनर चालतात. नव्या इमारतींत सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ठोकळ्यांची भिंत असते, तिथे साध्या गिट्ट्या धरत नाहीत, त्या ठोकळ्यांसाठीचे लांब फास्टनर आणा. १२-१५ किलो वजन डोक्याशी लटकणार आहे. बोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल टाळा, वायर तिथूनच गेलेली असते. पाइपाचं ६ इंची भोक कोअर कटिंगवाल्याकडून पाडून घ्या, छिन्नी-हातोडीने नको. बीम-कॉलमला हात नाही. कंत्राटदार "थोडंच लागतंय बीमला" म्हणाला तर भोक खाली सरकवा.

उंची पुस्तिकेत दिलेली पाळा, बहुतेक ठिकाणी बर्नरपासून ६५ ते ७५ सेंमी असते. खाली आणली तर तापते, वर नेली तर वाफ बाजूने निसटते. स्वयंपाक करणारं माणूस उंच असेल तर कपाळाचाही विचार करा.

ओट्यापाशी:

आकडे आले: २३४, २३३ आणि १.४. सॉकेट चिमणीच्या बाजूला साडेसहा फुटांवर काढलंय, बटण मात्र खाली ओट्यावरच्या बोर्डात, शेगडीवरून हात न नेता पोचेल असं. आरसीसीबीही बसवला. उद्या कोअर कटिंग.

तीन_फेज:

उत्तम आकडे. सॉकेट चिमणीच्या पत्र्यामागे झाकलं जात नाही ना बघा, प्लग काढता आला पाहिजे. फिल्टर धुवायला काढताना नुसतं बटण नाही, प्लगच काढायचा. आणि कोअर कटिंगला पाणी मारतात, तेव्हा त्या भिंतीवरचं सर्किट डीबीतून बंद ठेवा.

काजूकतली:

तीन_फेज काका, आमच्या नळाच्या वायरीचं काम शनिवारी करून घेतोय. त्याच पॉइंटवर इंडक्शनपण चालेल का?

तीन_फेज:

नाही. इंडक्शन २००० वॅटची असते, तिला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि २.५ ची वायर हवी. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.